तेरा गोळ्या: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात औषधं कमी करण्याचं एक प्रकरण

पहिल्या भेटीत तिने तक्रार सांगितली ती हाताची. "रेघ सरळ येत नाही, डॉक्टर. हात थरथरतो." ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आराखडे काढायचं काम करते. बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं, पण कच्चं रेखाटन अजून हातानेच, आणि तिथेच हात दगा देऊ लागला होता. वय २७. सोबत आई. आईच्या मांडीवर जाडजूड फाइल आणि तिच्यावर औषधांचा कप्प्याकप्प्यांचा डबा. एका दिवसाच्या गोळ्या मोजल्या तर तेरा.

कुणाची ओळख पटू नये म्हणून इथे एकाहून अधिक रुग्णांचे तपशील एकत्र केले आहेत. ही "ती" म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. पण गोळ्या वाढतात त्या अशाच, आणि कमी करतानाच्या चुकाही अशाच होतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. यातली बरीचशी औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं. क्लोनाझेपाम हे मन शांत करणारं औषध एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. पुढे जे कमी केलं आहे ते दर आठवड्याला समोरासमोर बसून केलेलं आहे, आणि तरीही एकदा चुकलं आहे.

डब्यात काय होतं

सर्ट्रालिन दिवसाला १५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत. व्हॅल्प्रोएट ५०० च्या दोन. क्लोनाझेपाम अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन. प्रोप्रानोलॉल २० च्या दोन. ट्रायहेक्सीफेनिडिल २ च्या दोन. रात्री ओलान्झापीन ५ आणि क्वेटियापीन ३००. एकूण सात औषधं.

तीन वर्षांत वजन १४ किलोने वाढलेलं. उपाशीपोटी साखर ११२, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, आणि "वाचलेलं पान लक्षात राहत नाही" ही तक्रार, जी तिने आजाराच्याच खात्यावर टाकली होती.

फाइल मी त्या रात्री वाचली. सात वर्षांत पाच डॉक्टर. कुणी निष्काळजी होतं असं मला वाटलं नाही, आणि हे मुद्दाम नोंदवते, कारण अशी फाइल हातात आली की आधीच्यांना नावं ठेवायचा मोह होतो. प्रत्येक पानावर एक घाबरलेली मुलगी, एक घाबरलेली आई आणि दहा मिनिटांत काहीतरी करायला हवं अशा पेचात सापडलेला डॉक्टर दिसत होता. त्या त्या दिवशी लिहिलेलं त्या त्या दिवसापुरतं समजण्यासारखं होतं.

एका पानावर मात्र मी बराच वेळ थांबले. तेविसाव्या वर्षीच्या नोंदीत लिहिलं होतं, "बायपोलर?", म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा आजार. पुढच्या डॉक्टरांच्या पहिल्या पानावर तेच निदान होतं, फक्त प्रश्नचिन्ह गळालं होतं. तिथून व्हॅल्प्रोएट हे मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिलं जाणारं औषध सुरू झालं आणि चार वर्षं चालू राहिलं. त्या चार वर्षांत प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

तिने काढलेला आलेख

दुसऱ्या भेटीत मी तिला एक काम दिलं. कोणतं औषध कधी सुरू झालं आणि त्या आठवड्यात आयुष्यात काय चाललं होतं, हे आठवून लिहून आणायचं. ती आराखडे काढणारी. तिने आलेखाचा कागद घेतला, आडव्या रेषेवर वर्षं मांडली, प्रत्येक औषधाला एका रंगाची पट्टी दिली. वर लाल ठिपके: ज्या दिवसांत तिने स्वतःला इजा केली, किंवा मरून जावंसं वाटून रुग्णालयात पोचली, ते दिवस.

विसाव्या वर्षी खरंखुरं नैराश्य आलं होतं. दोन महिने झोप, भूक, अभ्यास सगळं गेलं, सर्ट्रालिनने फरक पडला, वर्षभराने ते थांबवलं, काही महिन्यांत नैराश्य परतलं आणि गोळी पुन्हा सुरू झाली. बाविसाव्या वर्षी नातं तुटलं, पहिला मोठा प्रसंग घडला, आणि क्लोनाझेपाम "आठवडाभरासाठी" लिहिलं गेलं. त्या आठवड्याला आता पाच वर्षं झाली होती. तेविसाव्या वर्षी व्हॅल्प्रोएट. चोविसाव्या वर्षी ऑफिसात प्रचंड ताण असताना सहकारी आपल्याबद्दलच कुजबुजतात असं तिला दोन-तीन दिवस ठामपणे वाटलं, म्हणून रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-संशयावरचं औषध. त्याने अंग आखडलं, म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल. मग पाळी थांबली, म्हणून रिस्पेरिडोन बंद करून त्याच गटातलं ओलान्झापीन. ट्रायहेक्सीफेनिडिल ज्याच्यासाठी दिलं ते औषध गेलं, पण ते स्वतः तिथेच राहिलं. पंचविसाव्या वर्षी हात थरथरू लागला, म्हणून प्रोप्रानोलॉल. थरथर हा व्हॅल्प्रोएटचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. झोपेसाठी क्वेटियापीन ५० ने सुरू झालं आणि दोन प्रसंगांनंतर ३०० वर पोचलं.

कागद टेबलावर पसरून आम्ही दोघी बघत बसलो. जवळजवळ प्रत्येक पट्टीची सुरुवात एखाद्या लाल ठिपक्याला चिकटून होती. आणि रिस्पेरिडोन सोडलं तर एकही पट्टी कुठे संपत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, ठिपके तर कमी झालेच नाहीत." मग आणखी थोडं बघून, "पण प्रत्येक ठिपक्यानंतर दोन-तीन आठवडे मी बरी असते. गोळी सुरू व्हायच्या आधीही असायची." एकोणिसाव्या वर्षीचे दोन ठिपके तिने दाखवले. तेव्हा कोणतंच औषध नव्हतं. त्यांच्यानंतरही तशीच शांतता होती.

या विकारातल्या औषधांबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा तिने त्या कागदावरून वाचून दाखवला. वादळ टिपेला असताना गोळी सुरू होते. वादळ एरवीही ओसरणारच असतं. ते ओसरतं आणि श्रेय गोळीला जातं. मग ती गोळी काढायची हिंमत कुणाला होत नाही, ना रुग्णाला, ना आईला, ना डॉक्टरला. पुढचं वादळ आलं की "आधीची गोळी पुरत नाही" असा अर्थ लागतो आणि वर आणखी एक चढते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली लॅमोट्रिजिन या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची चाचणी मला इथे आठवते. २७६ रुग्ण, वर्षभर पाठपुरावा. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. वर्षअखेरीला दोन्ही गटांचा त्रास सुरुवातीपेक्षा कमी झालेला होता आणि दोन गटांत फरक जवळपास नव्हता. बिनऔषधाचा गट नसता तर त्या औषधाने गुण येतो असंच सगळ्यांना वाटलं असतं. आमच्या रोजच्या ओपीडीत असा दुसरा गट कधीच नसतो.

निदान सांगणं

तिला निदान कुणी सांगितलंच नव्हतं. फाइलच्या एका कोपऱ्यात "बीपीडी" (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर) ही तीन अक्षरं होती, ती तिने पाहिली होती आणि रात्री इंटरनेटवर शोधली होती. तिथे जे वाचलं त्यात तिला आपण खलनायिका दिसलो.

मी डीएसएमचे, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेतले, नऊ निकष तिच्यासमोर ठेवले. निदानाला पाच लागतात. कुणी आपल्याला सोडून जाईल याची जीवघेणी धास्ती, टोकाला जाणारी नाती, आपण नक्की कोण हे न उमगणं, आवेगात केलेल्या गोष्टी, स्वतःला इजा, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, आतली पोकळी, आवरता न येणारा राग, आणि ताणाखाली येणारा संशय किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटणं. तिने सात निकषांवर खूण केली. पोकळीवर दोनदा.

बायपोलरचा प्रश्नही त्याच वेळी सोडवायचा होता. तिला सहा आठवडे रोजनिशी लिहायला सांगितलं. बायपोलरमधला उन्माद किमान आठवडाभर टिकतो, सौम्य उन्माद किमान चार दिवस. त्यात झोपेची गरज कमी होते, बोलण्याचा, कामाचा वेग वाढतो, आणि बाहेर काही घडलेलं असो वा नसो, ते चालू राहतं. तिच्या रोजनिशीतले चढउतार काही तासांचे होते आणि प्रत्येकाच्या मागे माणूस होता: मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, बॉसने इतरांदेखत चूक काढली, आईचा आवाज चढला. फाइलमध्येही सलग चार दिवसांच्या उन्मादाची एकही नोंद सापडली नाही. प्रश्नचिन्ह मी परत लिहिलं, आणि सहा आठवड्यांनी ते निदान काढून टाकलं. विसाव्या वर्षीचं नैराश्य मात्र खरं होतं, ते ठेवलं. थायरॉइड तपासलं, ठीक होतं. व्यसन नव्हतं.

तिला जे सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला ते असं. अमेरिकेत मेरी झनारिनी यांच्या गटाने १९९२ पासून अशा २९० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांमध्ये लक्षणं किमान सलग दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. मी त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लपवला नाही: नोकरी आणि नाती दोन्ही नीट सावरली अशांचं प्रमाण निम्मंच होतं. तिला विश्वास बसायला आणखी एक गोष्ट कामी आली. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी उभी करणाऱ्या मार्शा लिनहॅन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात दाखल होत्या. "म्हणजे आतून माहीत असलेल्या बाईने हे बनवलंय," ती म्हणाली.

औषधांकडून काय मागावं

या विकारासाठी म्हणून अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने एकही औषध मंजूर केलेलं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्येच सांगितलं की या विकारासाठी, किंवा त्यातल्या सुट्या लक्षणांसाठी म्हणून, औषधं वापरू नयेत. सोबतचा वेगळा आजार असेल तर त्याचा उपचार करावा. संकटाच्या वेळी शांत करणारं औषध थोडक्या मुदतीसाठी, फार तर एक आठवडा. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा सूर २००१ मध्ये वेगळा होता: भावनांच्या चढउतारांना अमुक, आवेगाला तमुक, संशयाला आणखी काही, अशी लक्षणांप्रमाणे वाटणी. त्यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानसोपचार मध्यभागी आला आणि औषध ठरावीक लक्षणासाठी, ठरावीक मुदतीसाठी, जोड म्हणून उरलं. शिवाय सगळ्या औषधांचा हिशेब किमान सहा महिन्यांतून एकदा नव्याने मांडावा असं त्यांनी सुचवलं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यातही औषधांचा विकाराच्या एकंदर तीव्रतेवर किंवा स्वतःला इजा करण्यावर फारसा परिणाम आढळला नाही.

याचा अर्थ प्रत्येक औषध निकामी असा नाही. क्वेटियापीनची २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली आठ आठवड्यांची चाचणी आहे, तिच्यात दिवसाला १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा त्रास बिनऔषधाच्या गटापेक्षा जास्त कमी झाला. ताणात येणाऱ्या संशयाला अँटिसायकोटिकचा छोटा डोस थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतो असा माझाही अनुभव आहे. नैराश्य असेल तर नैराश्याची गोळी हवीच. पण पोकळी भरणारं औषध नाही. आपण कोण हे सांगणारं औषध नाही. मैत्रिणीचा फोन न येण्याची रात्र काढायला शिकवणारं औषध नाही. तिच्या सातपैकी ज्या दोन-तीन लक्षणांनी तिचं आयुष्य खऱ्या अर्थाने अडवलं होतं, त्यांच्यासाठी तेरापैकी एकही गोळी नव्हती.

क्लोनाझेपामच्या गटाबद्दल तर मला धास्तीच वाटते. १९८८ मध्ये काउड्री आणि गार्डनर यांनी प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत, त्याच गटातलं अल्प्राझोलाम घेताना रुग्णांचं आवेगाच्या भरातलं गंभीर वर्तन वाढलेलं दिसलं. दारूने जसे ब्रेक सैल होतात तसंच काहीसं. तिच्या आलेखातले मोठे ठिपके नीट विचारले तेव्हा कळलं की त्यांतल्या बऱ्याच रात्री तिने जादाची एक-दोन क्लोनाझेपाम आधीच घेतलेली होती.

"म्हणजे मला काही झालेलंच नाही?"

चौथ्या भेटीत मी गोळ्या कमी करायचं म्हटलं आणि ती भडकली. "म्हणजे मला काही झालेलंच नाही असं म्हणायचंय तुम्हाला?" मी बावरले. हाताची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला हे ऐकून बरं वाटेल असं मी गृहीत धरलं होतं.

शांत झाल्यावर तिने जे सांगितलं ते मी नंतर इतर रुग्णांनाही विचारू लागले. प्रत्येक गोळी म्हणजे कुणीतरी तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवल्याची पावती होती. सात औषधं म्हणजे दुखणं सातपट खरं. मी गोळी काढून घेते म्हणजे मी ते नाकारते, आणि गोळ्या संपल्या की मीही तिला सोडणार. सोडून जाण्याची धास्ती हा ज्या आजाराचा कणा आहे, त्यात औषध कमी करणं हा निरोपासारखा वाटणार, हे मला आधी सुचायला हवं होतं.

म्हणून एक करार झाला, कागदावर, दोघींच्या सह्यांनी. गोळ्या जितक्या कमी होतील तितक्या भेटी वाढतील. पहिले तीन महिने दर आठवड्याला वीस मिनिटं. एका वेळी एकाच औषधाला हात लावायचा. कमी करायचा वेग ती ठरवेल, क्रम मी. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या: कशासाठी, आणि कधीपर्यंत.

आईची धास्ती वेगळी होती आणि तितकीच खरी. "तुम्ही गोळ्या काढल्यात आणि त्या रात्री काही झालं तर मी काय करू?" मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. आपण काय करणार ते सांगितलं. एका वेळी फक्त आठवड्याची औषधं घरी, तीही कुलपात, किल्ली आईकडे. एक संकटाचं कार्ड: धोक्याच्या खुणा, तिने स्वतः करायच्या तीन गोष्टी, फोन करायच्या दोन व्यक्ती, आणि तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांसाठी दोन ओळी, "नवीन कायमचं औषध सुरू करू नये, कृपया आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं." आई म्हणाल्या, "हे आधी कुणी लिहून दिलं असतं तर मी तरी रात्री झोपले असते."

डीबीटी दुसऱ्या महिन्यात सुरू झाली. आठवड्याला एक बैठक थेरपिस्टबरोबर आणि एक गटात, कौशल्यं शिकायची. थेरपिस्ट आणि मी पंधरा दिवसांनी एकमेकींशी बोलायचो, आणि आम्ही बोलतो हे तिला ठाऊक होतं. हे फार महत्त्वाचं ठरलं. एकीकडे "थेरपीचा उपयोग नाही, गोळी वाढवा" आणि दुसरीकडे "डॉक्टर ऐकतच नाहीत" अशी फाटाफूट तिच्या आधीच्या दोन उपचारांत झालेली होती.

कमी करताना

सुरुवात ट्रायहेक्सीफेनिडिलने केली. त्याचं कारणच उरलं नव्हतं. चार आठवड्यांत बंद. तोंडाची कोरड गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की वाचलेलं लक्षात राहू लागलंय. या औषधाने स्मरण मंदावतं हे पुस्तकात असतं, पण तरुण रुग्णाला ते आपण क्वचितच विचारतो.

मग व्हॅल्प्रोएट. ते काढायचं आणखी एक कारण होतं, आणि चार वर्षांत तिच्याशी त्याबद्दल कुणी बोललेलं नव्हतं. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर सुमारे दहात एका बाळात मोठा जन्मजात दोष असतो, मणक्याचाही, आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. ते ऐकून ती गप्प झाली. नंतर म्हणाली, "मला मूल हवंय की नको हे मला माहीत नाही. पण हे मला सांगायला हवं होतं ना?" हवं होतं. गर्भनिरोधाबद्दल त्याच दिवशी बोललो, आणि आठवड्यांच्या हिशेबाने उतरत उतरत दोन महिन्यांत ते बंद झालं. ५०० वर आलो तोवर हाताची थरथर जवळजवळ गेली. प्रोप्रानोलॉल मग सहज उतरलं. तिने एक सरळ रेघ काढून आणली होती, फूटपट्टीशिवाय. मी ती फाइलला लावली.

क्लोनाझेपाम सर्वांत सावकाश. दर तीन आठवड्यांनी एक अष्टमांश मिलिग्रॅम, शेवटी त्याहूनही कमी. याला पुढे अकरा महिने लागले.

पाचवा महिना

इथे मी चुकले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आम्हा दोघींनाही घाई झाली. तिच्या ऑफिसात नवं काम सुरू होणार होतं, त्याआधी ओलान्झापीन संपवावं असं तिला वाटलं. ते आधीच निम्म्यावर होतं. मी ते थांबवलं, आणि त्याच आठवड्यात क्लोनाझेपामची पुढची पायरीही उतरवली. एका वेळी एकच औषध, हा माझाच नियम मी मोडला.

पाच रात्री झोप नाही. छातीत धडधड, आवाजाने दचकणं. सहाव्या दिवशी मैत्रिणीने दिवसभर फोन उचलला नाही. त्या संध्याकाळी तिने स्वतःला इजा केली, मग स्वतःच आईला उठवलं आणि कार्ड घेऊन तातडीच्या विभागात पोचली. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड वाचून मला फोन केला. रात्रभर तिला निरीक्षणाखाली ठेवलं.

जुन्या पद्धतीने त्या रात्री आलेखावर नववी पट्टी सुरू झाली असती. सकाळी आम्ही तिघी बसलो. क्लोनाझेपाम एक पायरी मागे नेलं. ओलान्झापीन परत सुरू केलं नाही. झोपेसाठी प्रोमेथाझिन २५ मिलिग्रॅम, पाच रात्री, आणि चिठ्ठीवर शेवटची तारीख. चौथ्या रात्री ती झोपली. पाचव्यानंतर प्रोमेथाझिन थांबलं.

ते औषध उतरल्याचे परिणाम होते, की आजार उसळला होता, की मैत्रिणीच्या अबोल्याचं दुःख होतं? क्लोनाझेपाम मागे नेताच झोप आली, म्हणून पहिल्याकडे माझा कल आहे. पण ओलान्झापीन थांबल्यावरही झोप उडते, आणि दोन्ही एकाच आठवड्यात केल्यामुळे नेमकं सांगता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलू नयेत याचं कारणच ते. मी तिला सांगितलं की ही चूक माझी होती, तिच्या कमकुवतपणाचा पुरावा नव्हे. ती बराच वेळ बघत राहिली. "डॉक्टर चुकले असं कधी सांगतात?" तिने विचारलं. त्या भेटीनंतर गोळ्यांबद्दल ती माझ्याशी खरं बोलू लागली, असं मला वाटतं. जादाच्या क्लोनाझेपामचा नीट हिशेब तिने त्याच महिन्यात दिला.

दीड वर्षानंतर

सर्ट्रालिन १०० चालू आहे. नैराश्य दोनदा येऊन गेलेलं असल्यामुळे ते काढायची मला घाई नाही. क्वेटियापीन ३०० वरून ५० वर आलं. २५ वर दोनदा नेऊन पाहिलं, दोन्ही वेळा झोप बिघडली, दोन्ही वेळा मागे आलो. बाकी पाच बंद आहेत.

वाढलेल्या १४ किलोंपैकी सहा उतरले. साखर ९७. तातडीच्या विभागात गेल्या आठ महिन्यांत जावं लागलेलं नाही. आदल्या वर्षी आलेखावर नऊ ठिपके होते, गेल्या दहा महिन्यांत दोन. त्या दोन्ही वेळी तिने थेरपिस्टला प्रसंगानंतर फोन केला. प्रसंगाआधी फोन करणं यावर आता काम चालू आहे. याचं श्रेय गोळ्या कमी करण्याला नाही, डीबीटीला आणि तिला आहे. पण दिवसभर गुंगीत असलेलं डोकं गटात शिकवलेलं काही धरून ठेवू शकलं असतं का, याची मला शंका आहे.

पोकळी आहे तशीच आहे, असं ती म्हणते. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ तिला अजून नकोशी होते. ती मैत्रीण परत आलेली नाही.

आलेखाचा कागद फाइलमध्ये आहे, आता कडेने चिकटपट्टी लावलेला. रिस्पेरिडोनशिवाय आणखी पाच पट्ट्यांना शेवट आला आहे. दोन अजून उजवीकडे जातात. सर्ट्रालिनच्या पट्टीवर तिने "नैराश्यासाठी, पुढच्या वर्षी बघू" असं लिहिलं आहे. क्वेटियापीनच्या पट्टीवर "झोपेसाठी", आणि "कधीपर्यंत"च्या रकान्यात पेन्सिलीने पुढच्या महिन्याची तारीख. त्या दिवशी तिसऱ्यांदा २५ वर जाऊन बघायचं ठरलं आहे, आणि त्या आठवड्यात दुसरं काहीही बदलायचं नाही.